जिभांची वही

वही तीरिलची आहे. पुढून तिचा हिशोब :
मंगळवारी अकरा किलो. बुधवारी वादळ, काही नाही.
गुरुवारी चौदा, आणि अंगठ्याला चिंधी.
मागून मी सुरुवात केली आहे.

ट्रोम्सोहून इंगविल्ड नर्सचा फोन आला होता.
प्रश्न लिहून आणा, म्हणाली,
डॉक्टरांच्या खोलीत पाऊल टाकलं की निम्मे विसरतात.
आणि सोबत कुणीतरी हवं, चार कान बरे.
ओद्वार येणार आहे.
चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी काढली त्याने,
एकच कान चालतो.
म्हणजे तीन.

पहिला प्रश्न सोपा गेला : किती कापणार?
हा मला विचारता येतो.
नऊ वर्षांची होते तेव्हापासून
फेब्रुवारीत शाळा सुटली की थेट धक्क्यावर,
कॉडचं मुंडकं खिळ्यावर बसवायचं, खाली दाबायचं,
एक घाव, एक हिसका,
जीभ बादलीत.
हॉटेलवाले किलोने घेत.
पहिल्या हिवाळ्याच्या जिभांतून सायकल आली, निळी.
एकाही माशाने मला काही विचारलं नव्हतं.

हे शेवटचं खोडते. हे डॉक्टरांना कशाला.

डाव्या कडेची गाठ किती खोल गेली आहे,
आणि मानेतल्या गाठी काढल्यावर
वळून मागे पाहता येईल का,
बोट धक्क्याला लावताना लागतं.
कापल्या जागी हाताची कातडी शिवतात म्हणे,
तर डाव्या हाताची घ्या. उजवा सुरीचा आहे.
दाढा किरणांच्या आधी काढायच्या की राहू द्यायच्या?
नंतर काढल्या तर जबडा भरून येत नाही,
असं धाकटी जाऊ सांगते,
आणि धाकट्या जावेला सगळंच माहीत असतं.
तोंडावर जाळीचा मुखवटा घालून टेबलाला जखडतात,
किती मिनिटं?
कोंडल्यासारखं झालं आणि मी हात वर केला,
तर तो कुणाला दिसेल?
नळीतून जेवण किती आठवडे.
थुंकी परत येते का. कॉफीची चव परत येते का,
की नुसता वासच घ्यायचा, शेजारणीसारखा, दारात उभं राहून.
रात्री दोनला घशातून रक्त आलं,
बाहेर बर्फ, फेरी बंद,
तर फोन कोणत्या नंबरवर,
आणि उचलणारं माणूस मला ओळखत असेल का.

एक प्रश्न सगळ्यांच्या आधी आला होता.
त्याला मी रांगेत मागे मागे ढकलत नेलं.
आता पुढे कुणी उरलं नाही, तेव्हा लिहिला.
अक्षर बारीक आलं.
ओद्वारच्या देखत विचारायचा की त्याला पाण्याला पाठवून,
ते अजून ठरत नाही.

जिभेला हाड नसतं, आई रागावली की म्हणायची.
खरं आहे.
सुरी कुठेच अडत नाही.

तीरिल शेगडीपाशी हातमोजे वाळवते आहे.
ओल्या लोकरीचा, माशाचा वास.
तिच्या नावात त आहे, र आहे, ल आहे,
तिघांनाही जिभेचं टोक लागतं.
मी जीभ दोन बोटांनी खाली दाबून धरली
आणि तिला हाक मारली.
निघाला तो आवाज वासराचा होता.

‘काय गं आजी?’
मान वर न करता.

तरीही प्रश्न लिहिला,
हाकेचा वेगळा, बोलण्याचा वेगळा.

सकाळी पाहिलं तर खाली ओद्वारचं अक्षर,
पेन्सिल दाबून दाबून :
गाडी कुठे लावायची, आणि किती तास.